मिलेचेंतो ते पद्मिनी : एका कुटुंबाच्या गाडीच्या पिढ्या

रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडली की फणसोप, गोळप अशी गावे घेत रस्ता पावसला येतो. जांभ्याच्या सड्यावरून चढणारा, उतरणारा हा रस्ता. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनासाठी येणारे भाविक आणि गणपतीत व मे महिन्यात मुंबईहून येणारे चाकरमानी यांच्या गाड्या या रस्त्याने वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ तीस वर्षे या गाड्यांत खासगी मोटार दिसलीच, तर ती बहुधा दोनपैकी एका जातीची असे : फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडर. पुढे चौघे-पाचजण, मागे डिकीत बॅगा, आणि परतीच्या वाटेवर त्याच डिकीत हापूसच्या पेट्या.

यांपैकी फियाट ही आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या कुर्ला भागात तयार होत होती. तिचा इतिहास म्हणजे एका यंत्राचा इतिहास आहेच. पण एखादा देश यंत्र बनवायला शिकतो म्हणजे नेमके काय शिकतो, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे. शिक्षकांना हा विषय वर्गात घेता येईल असे आम्हांला वाटते, कारण त्यात भूगोल, अर्थशास्त्र, पदार्थविज्ञान आणि थोडे गणितही आहे.

'पिढी' कशाला म्हणायचे?

मोटारीच्या जाहिरातींत 'नवी पिढी' हा शब्द सहज वापरला जातो. आपण मात्र त्याचा अर्थ आधी ठरवून घेऊ. कोणत्याही मोटारीबद्दल तीन प्रश्न विचारता येतात. पहिला, तिचा सांगाडा कसा आहे? दुसरा, तिचे इंजिन कोणते आणि ते कोणती चाके फिरवते? तिसरा, तिचा बाहेरचा पत्रा कसा आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेवढे बदलले तर मोटारीने कपडे बदलले असे म्हणता येईल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बदलली तर खरी नवी पिढी जन्माला आली. ही कसोटी हाताशी ठेवून कुर्ल्याच्या गाडीकडे पाहू.

कारखान्याआधीचा आराखडा

हिंदुस्थानात मोटारी परदेशातून येत. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत जुळणीचा कारखाना काढला होता. फोर्डनेही त्याच सुमारास येथे जुळणी सुरू केली होती. जुळणी याचा अर्थ, सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि येथे ते एकमेकांना जोडायचे. भाग बनवण्याचे ज्ञान समुद्रापलीकडेच राहत असे.

या देशात मोटार पूर्णपणे तयार व्हावी, असा आग्रह धरणाऱ्यांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या अग्रभागी होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या या अभियंत्याने १९३० च्या दशकाच्या मध्यावर परदेशांतले कारखाने पाहून मोटार कारखान्याचा आराखडा तयार केला. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी तो उचलून धरला. १९३७ ते १९३९ या काळात मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे सरकार होते. खेर हे जन्माने रत्नागिरीचे. त्यांच्या सरकारने या योजनेला अनुकूलता दाखवली. पण १९३९ मध्ये प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले, महायुद्ध सुरू झाले आणि दिल्लीच्या ब्रिटिश सरकारला हिंदी मोटार कारखान्याची घाई नव्हती. वालचंदांनी त्याच काळात बंगळूरला विमानांचा आणि विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना उभारण्यास हात घातला. मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली होती. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षीच, कुर्ल्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या.

पूर्ण आकाराची अमेरिकन मोटार

या पहिल्या मोटारी क्रायस्लरच्या होत्या. त्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांनी विकल्या जात. अमेरिकेत सामान्य कुटुंब वापरते ती 'पूर्ण आकाराची' मोटार म्हणजे अशीच गाडी. तिची लांबी सुमारे पाच मीटर, वजन सुमारे १,४०० किलो. इंजिनात सहा सिलिंडर. त्या काळच्या प्लिमथचे इंजिन ३,५६९ घनसेंटीमीटरचे (सी.सी.) आणि सुमारे ९५ अश्वशक्तीचे होते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. यांतल्या काही गाड्या मुळात एकच होत्या. प्लिमथच्या अंगावर डॉजचे पुढचे तोंड बसवले की ती डॉज होई. एका यंत्राला अनेक नावे देण्याची ही पद्धत अमेरिकेतलीच. तिकडे १९२० च्या दशकात जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी रूप बदलण्याची प्रथा रुजवली, हेतू हा की ग्राहकाला आपली गाडी जुनी वाटावी. पण तिकडे वरचा पत्रा दरवर्षी बदलताना काही वर्षांनी आतले यंत्रही बदलत असे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पाच मीटर लांबीची ही गाडी आपल्याकडे कितपत सोयीची होती? एक साधे गणित करू. चार माणसे व सामान मिळून ३०० किलो धरले तर प्लिमथचे एकूण वजन १,७०० किलो होते. घाटात १०० मीटर उंची दोन मिनिटांत चढायची असेल तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागणारे कार्य १,७०० × ९.८ × १०० म्हणजे सुमारे १६ लाख ६६ हजार ज्यूल. त्याला १२० सेकंदांनी भागले की सुमारे १३.९ किलोवॉट, म्हणजे साडेअठरा अश्वशक्ती. त्याऐवजी गाडी ९०० किलोची असेल तर त्याच माणसांसह एकूण वजन १,२०० किलो होते आणि तीच चढण सुमारे १३ अश्वशक्तीत होते. माणसे तितकीच, पण पाचशे किलो लोखंड जादा वाहून नेले की त्याचे पेट्रोलही जादा लागते. पेट्रोलही परदेशातून आणि सुटे भागही परदेशातून, अशा देशाला हा हिशोब परवडणारा नव्हता.

१९५३ साली सरकारने धोरण ठरवले : ज्या कंपन्यांकडे टप्प्याटप्प्याने येथेच भाग बनवण्याची योजना नाही, त्यांनी जुळणी बंद करावी. जनरल मोटर्स व फोर्ड १९५४ साली निघून गेल्या. प्रीमियर, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड अशा मोजक्या कंपन्या मोटारीच्या धंद्यात राहिल्या.

मिलेचेंतो

प्रीमियरने इटलीतील तुरीन शहराच्या फियाट कंपनीशी करार केला. आधी फियाट ५०० ही ५६९ सी.सी.ची छोटी गाडी कुर्ल्यात जुळवली गेली, पण ती कुटुंबाची गाडी नव्हे. मग १९५४ पासून फियाट ११०० आली. इटालियन भाषेत अकराशे म्हणजे 'मिलेचेंतो', आणि आपल्याकडेही सुरुवातीला ती याच नावाने ओळखली जाई.

आमच्या कसोटीला ही गाडी उतरते. आधीच्या अमेरिकन गाड्यांत खाली लोखंडी तुळयांची शिडीसारखी चौकट असे, आणि तिच्यावर पत्र्याचे घर ठेवलेले असे. तिला आपण चॅसिस म्हणतो. ट्रकमध्ये ती आजही दिसते. मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या नव्या ११०० मध्ये ही वेगळी चौकट नव्हती. तळ, दारांखालचे उंबरे, खांब आणि छप्पर यांचे पत्रे एकमेकांना वितळजोड देऊन एकच पेटी बनवली होती, आणि भार त्या पेटीनेच पेलायचा. काडेपेटीचे उदाहरण मुलांना देता येईल. काडेपेटीचे बाहेरचे खोके सपाट दाबले तर तो नुसता पुठ्ठा; पण उघडून पेटी केली की तोच पुठ्ठा पिळाला चांगला प्रतिकार करतो. या रचनेमुळे गाडी हलकी झाली. लांबी चार मीटरच्या आत, वजन ९०० किलोच्या आसपास, आणि आत मात्र चार-पाच माणसांची सोय.

तिचे इंजिन चार सिलिंडरचे होते. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. त्यावरून आकारमान काढणे हा दहावीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखा हिशोब आहे. त्रिज्या ३.४ सेंटीमीटर, पाया ३.१४ × ३.४ × ३.४ म्हणजे सुमारे ३६.३ चौरस सेंटीमीटर, त्याला ७.५ ने आणि मग ४ ने गुणले की १,०८९ सी.सी. हे माप फियाटने १९३७ सालीच आपल्या आधीच्या ११०० गाडीसाठी वापरले होते. त्या इंजिनाच्या आणि पुढच्या अनेक फियाट गाड्यांच्या मागे दान्ते जाकोझा या अभियंत्याचे डोके होते. १९५३ मध्ये त्या इंजिनाची शक्ती ३६ अश्वशक्ती होती. वर काढलेले तेरा अश्वशक्तीचे गणित आठवा. घाटात तिच्या ताकदीपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद नुसती उंची गाठण्यात जाई. तरी ती चढत असे.

डुक्कर फियाट

मराठी माणसाने या गाडीला एक नाव दिले, 'डुक्कर फियाट'. गोल पाठ, पुढे आलेले तोंड आणि बुटका बांधा पाहिला की नाव कसे पडले ते समजते. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी कंपनीची नावे येत गेली. लोकांच्या तोंडी मात्र डुक्करच राहिले. या गाडीचे पुढचे दार उलटे उघडे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला असत. चालत्या गाडीत असे दार चुकून उघडले तर समोरचा वारा ते आणखी उघडतो. बिजागरी पुढे असली तर तोच वारा दार बंद ठेवतो. कागदाचा तुकडा टाचणीने एका बाजूला अडकवून त्यावर फुंकर मारली की हा फरक मुलांना लगेच दिसतो.

१९६४ साली आली फियाट ११०० डी, म्हणजे डिलाइट. हिचा पत्रा नवा होता. गोलाई जाऊन सरळ रेषा आल्या, मागे लहान पंख आले, पुढची दारे सुलटी झाली. आत मात्र तेच १,०८९ सी.सी.चे इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावरच बसवलेला चार गिअरचा दांडा, मागच्या चाकांना मिळणारी गती, मागे पाट्यांच्या कमानी आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. कसोटी लावली तर डिलाइट ही पूर्ण नवी पिढी नव्हे. चांगली सुधारलेली जुनीच पिढी म्हणावी लागेल.

पुढे फियाटशी असलेला परवान्याचा करार संपला आणि गाडीचे नाव बदलावे लागले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. चितोडच्या राणीचे नाव गाडीला मिळाले, पण गाडी डिलाइटचीच. लोकही तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

कोकणातल्या दोन परीक्षा

मोटारीची रचना खऱ्या अर्थाने कळते ती तिच्या दुखण्यांवरून. मुंबईहून पावसला येताना कशेडी आणि परशुराम हे घाट लागतात. त्या काळी कशेडीच्या चढावर बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्या हे नेहमीचे दृश्य होते. कारण समजून घेऊ. इंजिन थंड ठेवणारा पंखा पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असे. घाटात गाडीचा वेग कमी, त्यामुळे समोरून येणारा वारा कमी. इंजिनावर भार मात्र जास्त. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांपेक्षा जास्त फिरू शकत नाही. मग रेडिएटरमधले पाणी उकळते. दुसरे दुखणे पेट्रोलचे. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असल्याने तो तापे, आत पेट्रोलची वाफ होई आणि पंप द्रवाऐवजी वाफेवरच हापसत राही. गाडी बंद. अनुभवी ड्रायव्हर त्यावर ओले फडके टाकत. फडक्यातले पाणी वाफ होताना पंपाची उष्णता शोषून घेते. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, तोच हा नियम.

दुसरी परीक्षा खाऱ्या हवेची. समुद्रकाठच्या हवेतले क्षार ओलाव्यात विरघळले की ते पाणी विजेचे चांगले वाहक बनते आणि लोखंड गंजण्याची क्रिया वेग घेते. चॅसिसवाल्या गाडीत वरचा पत्रा सडला तरी चौकट शाबूत असते. एकसंध पेटीच्या गाडीत पत्रा हाच सांगाडा. दारांखालचा उंबरा किंवा तळ सडला तर गाडीचे बळच जाते. म्हणून कोकणातल्या गॅरेजवाल्यांना डेंटिंग-पेंटिंगबरोबर नवा पत्रा कापून जोडण्याचे कामही सतत असे. हलकेपणाची ही किंमत होती.

हे सगळे दुरुस्त होत असे, ही या गाडीची मोठी गोष्ट. यंत्र साधे होते आणि वर्षानुवर्षे तेच राहिल्याने त्याचे भाग कोठेही मिळत. हजारो मिस्त्री त्यावर शिकले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी ती निवडली गेली ती याच गुणांमुळे. कार्ब्युरेटर, गास्केट, पाटे, ब्रेकचे लायनिंग असे भाग बनवणारे लहान-मोठे कारखाने वाढले. देशात सुट्या भागांचा उद्योग उभा राहिला त्याला या गाडीने मोठा हातभार लावला, हे मान्य केलेच पाहिजे.

पुढची पिढी का आली नाही?

तुरीनमध्ये काय चालले होते ते पाहिले की प्रश्न टोकदार होतो. फियाटने १९६६ साली १२४ ही गाडी काढली. १९६९ मध्ये ११०० ची मालिका बंद केली आणि तिच्या जागी १२८ आणली. १२८ चे इंजिन आडवे बसवलेले होते आणि ते पुढची चाके फिरवत असे. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा गेला, तळातला उंचवटा गेला, वजन घटले, आत जागा वाढली. पहिले दोन्ही प्रश्न नव्याने सोडवलेली अशी ती खरी नवी पिढी होती आणि तीही जाकोझांच्याच हाताखाली तयार झाली. इकडे कुर्ल्यात त्यानंतरही तीस वर्षे ११०० च बनत राहिली. उत्तरपाड्याची कथा वेगळी नाही. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५७ साली आलेली अ‍ॅम्बॅसेडर मार्क एकपासून मार्क चारपर्यंत गेली; पुढची जाळी आणि दिवे बदलले, आतले इंजिन १,४८९ सी.सी.चेच राहिले.

याचे सोपे उत्तर 'कंपन्या आळशी होत्या' असे दिले जाते. आम्हांला ते अपुरे वाटते. मोटारीचा पत्रा पोलादी साच्यांत दाबून घडवतात. नवा पत्रा म्हणजे नवे साचे, आणि साचे फार महाग असतात. समजा, साच्यांचा खर्च २० कोटी रुपये आहे. वर्षाला २० हजार गाड्या पाच वर्षे विकल्या तर दर गाडीमागे २,००० रुपये पडतात. वर्षाला दोन लाख विकल्या तर २०० रुपये. हे आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण प्रमाण खरे आहे. १९७० च्या दशकात सगळ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारही मोटारी बनत नव्हत्या. किती बनवायच्या ते परवान्याने ठरे, परदेशी यंत्रसामग्रीला परकीय चलन मिळत नसे आणि १९६९ मध्ये तर सरकारने मोटारींच्या किमतीही ठरवून दिल्या. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मोटार ही चैनीची वस्तू, तेव्हा देशाचे धन तिच्यावर का खर्चावे, असा विचार त्यामागे होता. गरीब देशात तो निराधार म्हणता येणार नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. नंबर लावून ग्राहक वर्षानुवर्षे थांबत होता. बनेल ती गाडी विकली जात होती. चुकीची शिक्षा आणि सुधारणेचे बक्षीस दोन्ही नसतील तर कोणतीही संस्था शिकणे थांबवते. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वोने तीन टोकांचा सुरक्षापट्टा दिला. त्याच वर्षी जर्मनीच्या मर्सिडीजने धडकेत पुढचा-मागचा भाग चेपून मधली माणसे वाचतील अशी रचना बाजारात आणली. हे ज्ञान गुप्त नव्हते, पण आपल्या रस्त्यांवरच्या कुटुंबाच्या गाडीपर्यंत पोहोचायला त्याला दशके लागली. पिढी न बदलण्याची किंमत केवळ जुनाट दिसण्यात मोजता येत नाही. ती अपघातांत आणि धुरातही मोजावी लागते.

आणि सर्वांत मूलभूत कारण आमच्या मते असे : परवान्याबरोबर नकाशे मिळतात, मापे मिळतात; ती मापे तशीच का ठेवली याची कारणे मिळत नाहीत. तुरीनच्या अभियंत्यांनी ६८ मिलिमीटर हे माप ठरवण्याआधी कितीतरी मापे करून, मोडून, टाकून दिली असणार. ते टाकून दिलेले कागद करारात येत नाहीत. नवी पिढी मात्र त्याच कागदांतून जन्मते.

मारुती, ११८ एनई आणि अखेर

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन तीन सिलिंडरचे, व्यास ६८.५ मिलिमीटर, धाव ७२ मिलिमीटर. हिशोब केला तर ७९६ सी.सी. येतात. म्हणजे तिचा एकेक सिलिंडर जवळजवळ पद्मिनीच्याच मापाचा, फक्त एक कमी. तरीही शक्ती पद्मिनीच्या जवळपास, म्हणजे चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेर. आणि वजन सुमारे ६५० किलो, म्हणजे पद्मिनीहून दोन-अडीचशे किलो कमी. पुढची चाके फिरवणारे आडवे इंजिन आणि पाणी तापले तरच चालू होणारा विजेचा पंखा. कशेडीत उभे राहण्याची वेळ कमी झाली ती या पंख्यासारख्या बदलांमुळे.

प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई ही गाडी काढली. तिचा सांगाडा फियाट १२४ चा, स्पेनच्या सेआट कंपनीच्या साच्यांवर घडवलेला. इंजिन जपानच्या निस्सानचे, १,१७१ सी.सी.चे. कसोटीप्रमाणे ही कुर्ल्याची खरी नवी पिढी, पण तिचा सांगाडा १९६६ सालचा होता. पद्मिनीही चालूच राहिली. पुढे तिला इटालियन डिझेल इंजिनही बसवले गेले. १९९० च्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या पेजोशी आणि पुन्हा फियाटशी भागीदारी केली, परंतु तोवर बाजार बदलला होता. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे उपकरण सक्तीचे झाले आणि २००० नंतर धुराचे नियम आणखी कडक झाले. १९३७ सालच्या मापाचे इंजिन त्यांत बसवणे अवघड होत गेले. या शतकाच्या सुरुवातीला पद्मिनीचे उत्पादन थांबले. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये बंद झाले होते.

विश्वेश्वरय्यांचा आराखडा मात्र तेथे संपला नाही. १९९८ मध्ये पुण्याच्या टाटा कंपनीने इंडिका आणली. तिचे बाह्यरूप ठरवायला तुरीनच्याच एका संस्थेची मदत घेतली होती, पण गाडी आपली होती, १,४०५ सी.सी.चे डिझेल इंजिनही आपले. पहिल्या गाड्यांबद्दल ग्राहकांच्या बऱ्याच तक्रारी आल्या. कंपनीने दोष शोधले आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-२ काढली. २००२ मध्ये त्याच सांगाड्यावर, चाकांमधले अंतर ५० मिलिमीटरने वाढवून, मागे डिकी असलेली इंडिगो ही कुटुंबाची गाडी तयार झाली. ५० मिलिमीटर हे अंतर किरकोळ दिसते. पण स्वतःच्या गाडीत ते वाढवायचे असेल तर कोठे कापायचे, कोठे बळकटी द्यायची आणि वजन कसे वाटायचे हे स्वतःला ठाऊक असावे लागते. मिलेचेंतो बनवताना आपण 'कसे' शिकलो. 'का' शिकायला आणखी चाळीसहून अधिक वर्षे लागली.

वर्गात करता येण्यासारखे

हा विषय घेताना शिक्षकांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात. गावातल्या जुन्या मिस्त्रींना बोलावून जुन्या आणि नव्या गाड्यांच्या दुखण्यांत काय फरक पडला ते विचारावे. पावससारख्या गावात साठी ओलांडलेला असा एखादा जाणकार सहज सापडेल. कोणत्याही मोटारीच्या माहितीपत्रकातून सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव घेऊन मुलांना आकारमान काढू द्यावे आणि छापलेल्या आकड्याशी ताडून पाहावे. लोखंडी खिळे साध्या पाण्यात, मिठाच्या पाण्यात आणि तेल लावून ठेवून आठवडाभर त्यांच्या गंजाची नोंद ठेवावी. आणि रस्त्यावर दिसणाऱ्या एखाद्या नव्या गाडीला आपले तीन प्रश्न लावून पाहावेत : सांगाडा बदलला का, इंजिन बदलले का, की पत्राच तेवढा बदलला?

हेच प्रश्न मोटारीपुरते ठेवण्याचेही कारण नाही. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती हाती आली की तिच्याबद्दलही ते विचारता येतील. मुलांनी ते विचारले, तर शिक्षकांनी रागावू नये.